बायकोला महिनाभर केअर सेंटरमध्ये ठेवलं, त्याची हकिकत

ज्यांच्या घरी दीर्घ आजाराचं माणूस आहे आणि 'थोडे दिवस कुठेतरी ठेवावं का' हा विचार मनात येताक्षणी ज्यांनी तो दाबून टाकलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी तो बराच काळ दाबला. शेवटी ठेवलं. त्याआधी, त्या काळात आणि नंतर काय काय झालं ते क्रमाने सांगतो. कागदपत्रांचा भाग मुद्दाम सविस्तर घेतलाय, कारण मला त्याची माहिती तुकड्यातुकड्यांनीच मिळाली.

आमच्या घरचा आजार म्हणजे पार्किन्सन. बायकोला जून २०१८ मध्ये निदान झालं. पार्किन्सन म्हणजे हात थरथरणं असं बहुतेकांना वाटतं. तिचे हात फारसे थरथरत नाहीत. तिचा मुख्य त्रास ताठरपणाचा आणि संथपणाचा. मेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचालीची आज्ञा वेळेवर पोचत नाही. लेवोडोपाची गोळी ती उणीव काही तास भरून काढते. पहिली चार वर्षं त्या गोळीवर छान गेली. २०२२ पासून गोळीचा असर पुढच्या गोळीच्या आधीच ओसरायला लागला. डॉक्टर याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. ऑन असली की ती आपली आपण बाथरूमला जाऊन येते. ऑफ झाली की खुर्चीतून उठवायलाही दुसरं माणूस लागतं.

या ऑन-ऑफने माझ्या स्वभावाची पार वाट लावली. सकाळी दहाला भेटायला आलेल्यांसमोर बाई दारापर्यंत चालत गेली, आणि बाराला माझ्यासमोर पाऊल उचलेना. आजार कळत असूनही मनात यायचंच, की ही मुद्दाम करते. मग आवाज चढायचा. आवाज चढला की ती आणखी ताठरायची, कारण ताण आला की पार्किन्सनची लक्षणं वाढतात. रात्री मी तेच सगळं पुन्हा आठवत पडायचो. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून तिची सगळी कामं मीच करायचो, तिला करता येण्यासारखी होती तीसुद्धा, आणि त्या भरपाईनेच दमून संध्याकाळी पुन्हा आवाज चढायचा. घरी रुग्ण असलेल्यांना हे चक्र नवं नसेल.

त्यात तिचा चेहरा. काही केलं तरी तिच्या चेहऱ्यावर नाराजीच दिसायची. मी अंथरूण बदललं, केस विंचरले, गार पाण्याने डोळे पुसले, तरी ती माझ्याकडे अशी बघायची जणू काहीतरी फार मोठं राहून गेलंय. एकदा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीसमोर मी बोलून गेलो, "हिचा राग काही जात नाही." ती हसली. म्हणाली, "काका, तो राग नाही, ते चेहऱ्याचे स्नायू आहेत. हातापायांसारखे तेही हलत नाहीत. चेहऱ्यावरून काही ओळखायला जाऊ नका, सरळ विचारा." मी तिथल्या तिथे विचारलं, "रागावलीयस का?"

बायको तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "नाही हो. नाकाला खाज येतेय केव्हाची."

मी नाक खाजवलं. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. निदान वर्षभर तरी मी एका निर्विकार चेहऱ्याला न्यायाधीश करून बसलो होतो. पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा असा होतो, पापण्यांची उघडझाप कमी होते, आवाज खाली जातो. हे निदानाच्या दिवशीच घरच्यांना सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मला खोकताना जांघेत फुगवटा जाणवायला लागला. हर्निया. सर्जन म्हणाले, शस्त्रक्रिया करून घ्या, वजन उचलत राहिलात तर वाढत जाईल, आणि नंतर काही आठवडे जड काहीही उचलायचं नाही. मी विचारलं, "माणूस?" ते म्हणाले, "माणूस तर नाहीच नाही."

आता जे सांगतो ते बरेच दिवस कुणालाही सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडताना मला बरं वाटत होतं. पोटात कळ होती, पुढे ऑपरेशन होतं, आणि तरीही छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. आता मला सुट्टी घ्यायला कारण होतं. डॉक्टरच्या सहीचं कारण. आता कुणी काही म्हणू शकणार नव्हतं. खरं तर आधीही कुणी काही म्हणालं नव्हतं. मग घरी पोचेपर्यंत त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायला लागली.

बायकोच्या न्यूरॉलॉजिस्टकडे एक मेडिकल सोशल वर्कर बसतात. त्यांच्यासाठी वेगळी अपॉइंटमेंट लागते हेही मला तेव्हाच कळलं. साधारण दोन आठवडे थांबावं लागलं. त्यांनी माझ्यापुढे एक प्रश्नावली ठेवली. स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीची ती सुधारलेली आवृत्ती. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे जोखायला ती जगभर वापरतात. २२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, रुग्णाजवळ असताना चिडचिड होते का, असे प्रश्न. शेवटाकडे दोन प्रश्न आहेत: आपण आणखी करायला हवं असं वाटतं का, आणि आपण हे काम अधिक चांगलं करू शकलो असतो असं वाटतं का. दोन्हीकडे मी 'जवळजवळ नेहमी'वर खूण केली.

बाईंनी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि तिथे बोट ठेवलं. "आणखी काय करायला हवं? एक गोष्ट सांगा."

मी विचार केला. खरंच केला. फिजिओ चालू होतं, गोळ्यांचे गजर लावलेले होते, बाथरूममध्ये दांड्या बसवल्या होत्या, रात्री दोनदा उठून कूस बदलून देत होतो. एकही नवी गोष्ट सांगता येईना.

"मग हे राहिलेलं काम नाही," त्या म्हणाल्या. "काम राहिलं असतं तर सांगता आलं असतं. हा थकवा आहे, किंवा दुःख. त्याला कामाने उत्तर देऊ नका."

पुढे प्रत्येक वेळी मी हीच चाळणी लावत आलोय. अपराधी वाटलं की स्वतःला विचारायचं: नेमकं काय करायचं राहिलंय? उत्तर आलं तर उठून करायचं. उत्तर आलं नाही तर गप्प बसायचं, निदान आणखी एक काम अंगावर ओढून घ्यायचं नाही. याने टोचणी जाते असं नाही. पण टोचणीच्या नादात मी रात्री अकराला कपाटं आवरायला काढायचो ते थांबलं.

आता व्यवस्थेचं. पहिला विचार घरीच माणूस ठेवायचा होता. ब्युरोत चौकशी केली. दिवसपाळी, रातपाळी मिळून दोन मावशी मिळतील, पण रोज त्याच येतील याची खात्री देता येणार नाही, असं सांगितलं. शिवाय मी ऑपरेशन करून त्याच घरात पडलेला असणार. बायको ऑफ होऊन खुर्चीत अडकली की मी उठणारच, हे मला आणि लेकीला दोघांनाही माहीत होतं. लेकीचं मूल लहान, नोकरी नवी. ती म्हणाली, "बाबा, मी रजा घेते." पण तिच्या आवाजावरून हिशेब कळला. मेहुणीने विचारलं, पण तिचेच गुडघे धड नाहीत. राहिलं केअर सेंटर.

बायकोला सांगायचं कसं यावर मी आठवडाभर घोळ घातला. एक सूचना: महत्त्वाचं बोलणं नेहमी ऑन असताना करा, गोळी घेतल्यावर तासाभराने. ऑफमध्ये माणसाला सगळं ऐकू येतं, समजतं, पण उत्तर द्यायला शब्दच फुटत नाहीत, आणि आपण त्या गप्प बसण्याचे भलते अर्थ लावतो. मी अकराच्या गोळीनंतर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. चेहऱ्यावर अर्थात काहीच नाही. मी विचारलं, "काय वाटतंय?"

"परत कधी आणणार ती तारीख कागदावर लिहून द्या."

मी लिहून दिली. ती चिठ्ठी तिने चष्म्याच्या केसमध्ये ठेवली. माझा दुसरा सल्ला हाच: मुक्काम तात्पुरता असेल तर परतीची तारीख आधी ठरवा, अर्जात लिहा आणि रुग्णाच्याही हाती द्या. 'बरं वाटलं की नेऊ' हे मोघम उत्तर दोघांनाही छळतं.

केंद्रं बघायला नोव्हेंबर गेला. एके ठिकाणी सगळं चकाचक होतं, हॉलमध्ये टीव्हीसमोर खुर्च्या ओळीने लावलेल्या. मी गोळ्यांच्या वेळा विचारल्या तर व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना एकाच वेळी गोळ्या देतो, गोंधळ नको." पार्किन्सनमध्ये गोळी अर्धा-पाऊण तास उशिरा गेली तरी माणूस जागचा हलत नाही. मी आभार मानून निघालो. जिथे शेवटी ठेवलं तिथली इमारत जुनी, भिंतींचा रंग उडालेला. पण तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी मी बसायच्या आत वही काढून विचारलं, "पहिली गोळी किती वाजता? आणि जेवणाच्या किती आधी?" (लेवोडोपा शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी देतात, जेवणातली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात.) केंद्र बघायला जाल तेव्हा रंग बघू नका. रात्रपाळीला किती माणसं आणि किती रुग्णांमागे, उचलून बसवताना दोघं येतात का, ताप आला तर कुणाला आधी फोन करणार, भेटायच्या वेळा कोणत्या, एवढं विचारा. आणि जमलं तर संध्याकाळी जा. सकाळी सगळीच ठिकाणं बरी दिसतात.

मग सुरू झाला कागदांचा खेळ. केंद्र म्हणे, ऑपरेशनची तारीख द्या, मग खाट राखून ठेवतो. सर्जनचं ऑफिस म्हणे, फिटनेस आल्याशिवाय तारीख नाही. फिटनेससाठी हृदयाच्या तपासण्या, त्यांच्या रिपोर्टला वेळ. तिकडे केंद्रातल्या महिलांच्या खोलीत खाट रिकामी व्हायची वाट. डिसेंबरभर मी दोन्हीकडे फोन करत होतो. शेवटी सर्जनच्या सेक्रेटरीने लेटरहेडवर 'जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया अपेक्षित' एवढंच लिहून दिलं आणि केंद्राने तेवढ्यावर खाट धरली. 'अपेक्षित' हा शब्द चालतो, हे ध्यानात ठेवा.

जमा करायची यादी अशी होती: न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, त्यात औषधांची नावं, मात्रा आणि घड्याळी वेळा; अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट; छातीचा एक्स-रे; दोघांचीही ओळखपत्रं आणि फोटो; अडीअडचणीला दोन फोन नंबर, त्यातला एक घराबाहेरच्या माणसाचा; गरज पडल्यास रुग्णालयात हलवण्याची संमती; सोबत आणलेल्या सामानाची यादी. एक फॉर्म असा होता की हृदय बंद पडलं तर कृत्रिम उपाय करायचे की नाहीत. हा फॉर्म काउंटरवर उभ्याउभ्या भरायची गोष्ट नाही. तो घरी मागून आणा, रुग्णाशी आणि डॉक्टरांशी बोला. आम्ही घरी बसून बोललो आणि ते बोलणं मला वाटलं होतं तेवढं भयंकर नव्हतं. तिची उत्तरं माझ्यापेक्षा स्पष्ट होती.

फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने दोन गोष्टी लिहिल्या. एक, लेवोडोपा अचानक बंद करायची नाही. तसं झालं तर तीव्र ताठरपणा, ताप, गोंधळ अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. दोन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि गोंधळ-भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण ही औषधं डोपामाइनचं कामच अडवतात. नव्या ठिकाणी रात्री कुणी नवा डॉक्टर आला तर हे पान कामाला येतं.

सगळ्यात मोठी अडचण आली ती सहीची. संमतीपत्रावर रुग्णाची स्वतःची सही हवी होती. या आजारात अक्षर बारीक होत जातं. तिने पेन धरलं, पहिलं अक्षर ठीक आलं, दुसरं त्याच्या निम्मं, आणि आडनावापर्यंत पोचता पोचता नुसते ठिपके. काउंटरवरचा मुलगा ओळखपत्रावरची सही आणि ही सही आलटून पालटून बघत म्हणाला, "जुळत नाही." ती तिथेच बसलेली होती. 'मीच आहे ती' हे तिला तिच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं. मग अंगठा, त्यावर साक्षीदार, आणि डॉक्टरांकडून 'आजारामुळे सही बदलली आहे' असं पत्र. एक फेरी वाया गेली. पार्किन्सनचा रुग्ण घरी असेल तर बँकेतली सही आजच बघून घ्या आणि असं पत्र आधीच काढून ठेवा.

खर्चाचं सांगायचं तर, एका महिन्याचे पैसे आगाऊ आणि तेवढंच डिपॉझिट, ते परत मिळणारं. डायपर, औषधं, फिजिओ वेगळं. शेवटचं बिल पत्रकात छापलेल्या आकड्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने जास्त आलं. विम्यातून माझं ऑपरेशन निघालं, तिचा मुक्काम नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तिला सोडलं. सिस्टर म्हणाल्या, "पहिल्या दिवशी घरच्यांनी फार रेंगाळू नये." मी रेंगाळलो. उश्या सारख्या केल्या, बेलचं बटण हाताशी येतं का ते पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटी बायकोच म्हणाली, "जा आता. मला झोपायचंय."

घरी येऊन मी झोपलो. सलग, न उठता, उजाडेपर्यंत. असं कधी झोपलो होतो ते आठवत नाही. जाग आली तेव्हा अंग हलकं होतं आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा आला: तिला तिथे टाकून मी घोरत पडलो. चाळणी लावली. काय करायचं राहिलंय? काही नाही. गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी चाळणीचा फारसा उपयोग झाला नाही.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झालं, नीट झालं. खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. मी टाके सांभाळत खाटेवर, आणि लेकीचा फोन. ती आईला भेटायला गेली होती, तर आई लाकडासारखी ताठ बसलेली. दुपारची गोळी दीड तास उशिरा गेली होती. पाळी बदलताना एकीला वाटलं दुसरीने दिली. इथे मात्र चाळणीतून उत्तर पडलं. करण्यासारखं काम होतं. मी इन्चार्ज सिस्टरना फोन लावला. त्यांनी सबब सांगितली नाही, घटना रजिस्टरमध्ये नोंदवली आणि पाळी बदलायच्या वेळेला येणारी ती गोळी स्वतःच्या नावावर घेतली. मी लेकीकडून एक साधं गजराचं घड्याळ पाठवून बायकोच्या उशाशी ठेवायला लावलं, म्हणजे ती स्वतःही हाक मारेल. पुढे उशीर झाला नाही. 'मी असतो तर हे झालं नसतं' हे वाक्य तरीही दिवसभर डोक्यात फिरत होतं. खरं तर घरीही मी कधी आंघोळीच्या गडबडीत, कधी फोनवर बोलता बोलता गोळीला उशीर केलेला आहे. घरचा उशीर आपण विसरतो, बाहेरच्याचा लक्षात ठेवतो.

चालायला लागल्यावर मी भेटायला गेलो. ती ऑन होती, खिडकीपाशी बसलेली. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "त्रास होतो का गं इथे?" मला काय ऐकायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. हो म्हणाली असती तर जीव तुटला असता, नाही म्हणाली असती तरी थोडा तुटलाच असता.

ती म्हणाली, "इथे बेल वाजवताना काही वाटत नाही."

मला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, हळूहळू, दम घेत. घरी रात्री कूस बदलायची झाली की ती आधी माझा श्वास ऐकते. मी गाढ झोपलोय असं वाटलं तर तशीच पडून राहते. कधी कधी तासभर. मग मी उठतो, कण्हतो, कंबर धरतो, आणि तोंडाने म्हणतो, "काही नाही, काही नाही." ते 'काही नाही' तिला सगळ्यात जड जातं. "इथल्या मुलींना पगार मिळतो. त्या येतात, वळवतात, जातात. मी कुणाचं देणं लागत नाही."

मी पाच वर्षं माझ्याच अपराधीपणाचा हिशेब मांडत होतो. तिच्या बाजूलाही एक वही होती, आणि माझ्या प्रत्येक जागरणाची नोंद त्यात तिच्या नावे पडत होती, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंही नव्हतं. मी जितका झिजायचो तितकी ती माझी देणेकरी होत होती. काळजी घेणाऱ्याने विश्रांती घ्यावी असं सगळे सांगतात ते त्याच्या तब्येतीसाठी. पण आपल्या विश्रांतीने समोरच्या माणसावरचं ओझंही हलकं होतं, हे मला ऐकायची गरज होती, आणि ते तिच्याचकडून ऐकलं म्हणून पटलं.

फेब्रुवारीत सोशल वर्कर बाईंचा फोन आला, तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी स्पेनमधल्या आंद्रेस लोसादा आणि सहकाऱ्यांच्या कामाबद्दल सांगितलं. २०१० मध्ये या मंडळींनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी खास अपराधीपणाचीच प्रश्नावली तयार केली. त्यात या भावनेचे पाच धागे निघाले: रुग्णाशी चुकीचं वागल्याचा, आपण कमी पडल्याचा, स्वतःकडे लक्ष दिल्याचा, घरातल्या इतरांकडे दुर्लक्ष झाल्याचा, आणि इतरांबद्दल मनात वाईट येतं त्याचा. आजार वेगळा असला तरी यादी ऐकताना मी मनातल्या मनात खुणा करत होतो. पहिल्या तिघांशी माझी जुनी ओळख होती. चौथ्यापाशी अडखळलो. नातू चालायला लागला ते मी फक्त फोनवर पाहिलं होतं, आणि त्याचं मला काही वाटलंही नव्हतं, कारण वाटायला जागाच शिल्लक नव्हती. इथे करण्यासारखं काम होतं, आणि बायको केंद्रात होती तोवर ते करता येत होतं. त्याच आठवड्यात लेकीकडे दोन दिवस राहून आलो. पाचव्या धाग्याबद्दल एवढंच सांगतो की ज्यांच्या बायका तुरुतुरु चालतात अशा मित्रांचे फोन मी घेईनासा झालो होतो.

याच काळात १९९९ चा एक अमेरिकी अभ्यासही वाचनात आला, शुल्झ आणि बीच यांचा. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता अशा वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका, काळजीचा भार नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्के जास्त आढळला. हा आकडा काळजीवाहकांना शहाणं करायला सर्रास सांगतात. माझ्यावर परिणाम उलटा झाला. मी मेलो तर हिचं कोण बघणार, ही नवी टोचणी लागली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: काळजी घेत होते पण ताण जाणवत नव्हता, अशांमध्ये धोका तसा वाढलेला आढळला नाही. मला धीर आला तो त्या ओळीने.

ठरलेल्या तारखेला तिला घरी आणलं. सर्जन म्हणत होते आणखी दोन आठवडे थांबा, पण चिठ्ठी चष्म्याच्या केसमध्ये होती. मधला मार्ग म्हणून दिवसाची मावशी ठेवली, तिला आठवडाभर आधी केंद्रातच पाठवून तिथल्या मुलींकडून शिकून घेतलं. कंबरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्याला धरून उठवतात. काखेत हात घालून ओढल्याने रुग्णाच्या खांद्याला इजा होऊ शकते. पाय मागे घ्यायचे, पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की तीन म्हणायचं आणि उठायचं. या पद्धतीने ती बरीचशी स्वतःच उठते. हर्निया व्हायच्या आधी हे कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. घरच्या माणसांसाठी फिजिओचं एक सत्र वेगळं मागून घ्या; रुग्णाच्या सत्रात ते राहूनच जातं.

ती परत आली तेव्हा वजन थोडं उतरलेलं होतं आणि डाव्या टाचेवर लाल डाग होता. बोटाने दाबल्यावर पांढरा न पडणारा डाग म्हणजे प्रेशर सोरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. टाच गादीवर टेकणार नाही अशी पोटरीखाली उशी दिली, रोज बघत राहिलो, काही दिवसांत गेला. आल्या-गेल्यांपैकी एक जण म्हणालेच, "आमच्याकडे असं कुणाला ठेवायची वेळ आली नाही बुवा." मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "तुमच्याकडे मी नव्हते ना." तिचा आवाज इतका बारीक, की त्यांना "काय म्हणाल्या?" असं विचारावं लागलं, आणि तिने ते पुन्हा तेवढ्याच शांतपणे सांगितलं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दुसरा मुक्काम झाला, फक्त दोन आठवड्यांचा. या वेळी हर्निया नव्हता, ऑपरेशन नव्हतं, कुठलंच पत्र नव्हतं. अर्जात 'दाखल करण्याचं कारण' असा एक रकाना असतो. पहिल्या वेळी तिथे मी ठसठशीत अक्षरात 'पतीची शस्त्रक्रिया' असं लिहिलं होतं. या वेळी पेन बराच वेळ अडला. कंबरदुखी लिहावी का? खोटं नव्हतं. शेवटी 'विश्रांती' लिहिलं आणि फॉर्म सरकवला. काउंटरवरच्या मुलाने ते वाचलंसुद्धा नाही. त्याला सहीची काळजी होती. डॉक्टरांचं पत्र मी आधीच जोडलं होतं.

आता दर सहा महिन्यांनी ठेवायचं असं दोघांनी मिळून ठरवलंय, आणि मधल्या काळात रात्रीची मावशी आठवड्यातून दोनदा येते. अपराधी अजूनही वाटतं, मुख्यतः तिला सोडून घरी येतानाच्या रस्त्यात. तेवढ्या वेळात मी हल्ली लेकीला फोन लावतो. पुढच्या मुक्कामासाठी नाव देऊन ठेवलंय, यादीत आधी तीन जण आहेत. बायकोचं म्हणणं, महिना उशीर झाला तरी चालेल, पण खाट खिडकीपाशीच हवी, आणि तसं लिहून घ्या.